घासून पुन्हा छापलेल्या ६८०६० चिपचा अनुभव

अमिगा १२०० या १९९२ सालच्या संगणकाचा वेग वाढवणाऱ्या ॲक्सिलरेटर कार्डावर बसवण्यासाठी जुनी ६८०६० प्रोसेसर चिप शोधणाऱ्यांनी पैसे देण्यापूर्वी हा अनुभव अवश्य वाचावा. मोटोरोलाच्या या चिपची सहावी आवृत्ती कमी तापते आणि ५० मेगाहर्ट्झच्या छापील वेगापेक्षा बरीच वेगाने चालते; तिच्यावरच्या ७१ई४१जे या मास्क क्रमांकावरच (चिपची आवृत्ती सांगणाऱ्या छापील क्रमांकावरच) तिचा भाव ठरतो, आणि खोटेपणाही तिथेच केला जातो.

मला चिप विकणाऱ्याने ती सहाव्या आवृत्तीची असून स्वतः ७५ मेगाहर्ट्झवर चालवून पाहिल्याचे लेखी कळवले होते. कार्डावरचा ५० मेगाहर्ट्झचा ऑसिलेटर (चिपचा वेग ठरवणारे घड्याळ) तसाच ठेवून संगणक सुरू केला, तेव्हा साधी कामे सुरळीत झाली, पण अपूर्णांकांची गणिते करून त्रिमितीय चित्रे काढणारा प्रोग्रॅम त्या वेगालाही बंद पडत होता. ६६ मेगाहर्ट्झचा ऑसिलेटर लावल्यावर हीटसिंक आणि पंखा असूनही संगणक वारंवार अडकू लागला.

विक्रेत्याने आधी कार्डावरच्या मेमरीला दोष दिला आणि नंतर व्होल्टेज वाढवण्याचा सल्ला दिला. ही चिप ३.३ व्होल्टवर चालते आणि वाढीव व्होल्टेजने ती कायमची निकामी होऊ शकते, त्यामुळे असा सल्ला कोणीही मानू नये. मी चिप काढून तिरप्या प्रकाशात भिंगाखाली धरली, तेव्हा पृष्ठभागावर एकाच दिशेने घासल्याच्या बारीक रेषा दिसल्या आणि छापील अक्षरे त्या रेषांच्या वर बसलेली होती. ॲसिटोनचा बोळा फिरवताच मास्क क्रमांक पुसला गेला.

खरा पुरावा चिपच्या आतच असतो. पीसीआर नावाच्या रजिस्टरच्या (चिपमधल्या, प्रोग्रॅमने वाचता येणाऱ्या छोट्या नोंदीच्या) वरच्या अर्ध्या भागात पूर्ण ६८०६० असेल तर ०४३० हा सोळा-आधारी आकडा येतो, तर अपूर्णांकांची गणिते करणारे फ्लोटिंग पॉइंट युनिट नसलेल्या स्वस्त एलसी किंवा ईसी प्रकारात ०४३१ येतो, आणि त्यापुढे आवृत्तीचा क्रमांक असतो. माझ्या चिपने ०४३१ दाखवले आणि आवृत्ती ६ च्या आधीची निघाली. त्याचे छायाचित्र पाठवल्यापासून विक्रेत्याने उत्तर दिलेले नाही.

म्हणून नुसत्या छापील क्रमांकाच्या फोटोवर समाधान न मानता, चिप चालू असताना वाचलेल्या पीसीआरचा फोटो आधी मागावा. ऑसिलेटरही टप्प्याटप्प्यानेच वाढवावा, कारण अनेक कार्डांवर मेमरीचा वेग त्याच घड्याळावर अवलंबून असतो आणि वेट स्टेट (मेमरीसाठी चिपने थांबायचा वेळ) न वाढवल्यास चांगली चिपही सदोष भासते.