भीमथडी की काठियावाडी?

बारामतीजवळ शेती असलेल्या माझ्या मावसभावाला घोडा पाळायचा आहे, पण या दोन जातींपैकी कोणता, हे ठरत नाही. काठियावाडी उंच व देखणा असतो, त्याच्या कानांची टोके आत वळून एकमेकांना टेकतात आणि स्वारीला तो उत्तमच. मात्र त्याची किंमत, खुराक आणि रोजची फेरी यांचा भार मालकावर पडतो. भीमथडी बुटका आहे, परंतु मराठ्यांच्या घोडदळाचा हा वारसा धनगरांच्या वाड्याबरोबर (म्हणजे मेंढरे घेऊन फिरणाऱ्या कुटुंबांच्या तांड्याबरोबर), पाठीवर बिऱ्हाड आणि त्यावर कोकरे-कोंबड्या घेऊन, माळावरच्या गवतावर मैलोन्‌मैल चालतो. खडकाळ वाटेवर त्याचे खूर टिकतात, हे मला फार मोलाचे वाटते. मिरवणूक आणि स्वारीची हौस असेल तर काठियावाडी घ्यावा. ओझे, डोंगरवाट आणि बेताचा खर्च असेल तर भीमथडीच.