सिटी हायब्रिड की आय-२० एन लाइन: नाशिककरांनी काय घ्यावं?

द्वारका चौकात संध्याकाळी सहाला गाडी पंधरा मिनिटं रांगत असेल, तर उत्तर सोपं आहे: होंडा सिटी ई:एचईव्ही, म्हणजे सिटीचा हायब्रिड प्रकार. तिथे ती बहुतेक वेळ विजेच्या मोटरवरच सरकते, इंजिन बंद. ह्युंदाई आय-२० एन लाइनच्या डीसीटीमध्ये (दोन क्लचच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये) कोरडे, म्हणजे तेलात न बुडलेले क्लच आहेत. रांगत्या ट्रॅफिकमध्ये ते अर्धवट घसरत राहतात आणि तापतात. ब्रेक दाबून थांबा, पुढे नीट अंतर मोकळं झालं की मगच निघा. त्यापेक्षा सहा गिअरची मॅन्युअल बरी.

कसारा घाटात मात्र मजा एन लाइनचीच. १२० पीएस ताकद, १७२ एनएम टॉर्क, आखूड बांधा, घट्ट सस्पेन्शन. वळणाआधी तिसरा टाकला की टर्बो जागा असतो. सिटीचे १२६ पीएस कागदावर जास्त, मोटरचा २५३ एनएम टॉर्क लगेच मिळतो. पण चढावर पाय दाबून धरला की इंजिन एका सुरात ओरडतं. सिटीत उतारावर स्टीअरिंगमागच्या पॅडलने रिजन (वेग कमी करताना बॅटरी भरणारं मोटरचं ब्रेकिंग) वाढवा, ब्रेक थंड राहतात. बॅटरी भरली की इंजिनाचा आवाज अचानक चढतो. तो बिघाड नव्हे, जास्तीची वीज इंजिन फिरवण्यात खर्च होत असते.

डिकीत सिटी फसवते. बॅटरीमुळे ३०६ लिटरच उरतात, आय-२०त ३११. सेडान म्हणून घेणाऱ्यांनी बॅगा घेऊनच शोरूमला जावं.

रोज सातपूर-नाशिकरोड असेल तर सिटी. शनिवार-रविवार घाटासाठीच गाडी हवी असेल, तर मॅन्युअल एन लाइन.