नँड्रोलोनचं इंजेक्शन आणि प्रोटीनचा डबा
जिममध्ये दोन्ही एकाच दमात सुचवली जातात, पण कायदे वेगळे. नँड्रोलोन हे स्नायू वाढवणारं स्टेरॉइड, म्हणजे औषध. 1940 च्या औषध कायद्याखाली ते शेड्यूल एचमध्ये येतं. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय केमिस्टनेही द्यायचं नाही. विनापरवाना ट्रेनरने विकणं तर सरळ गुन्हा.

प्रोटीन पावडर 2006 च्या अन्नसुरक्षा कायद्यात बसते. चिठ्ठी नको, मात्र डब्यावर एफएसएसएआयचा (देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) 14 अंकी परवाना क्रमांक हवा आणि आत स्टेरॉइड मिसळायला बंदी आहे. मला काळजी वाटते ती इथेच, कारण भेसळ डोळ्यांना दिसत नाही. तालमीतल्या पोराच्या नमुन्यात स्टेरॉइड सापडलं, तर ते सुईतून आलं की डब्यातून, खेळाडूंची उत्तेजक चाचणी घेणारी राष्ट्रीय संस्था नाडा आधी खेळाडूलाच जबाबदार धरते. म्हणून स्पर्धेत उतरणाऱ्यांनी पक्कं बिल घ्यावं, बॅच क्रमांकासकट डबाही जपून ठेवावा.