वस्तरा शिकायचाय, पण गळ्यावर पुरळ नको: तीन हत्यारांतलं कुठलं घ्यावं?

उघड्या पात्यानं दाढी शिकायची हौस आली की पहिली खरेदी बहुधा ठरलेली असते: सलूनमध्ये असतो तसला, अर्धं ब्लेड अडकवायचा स्टीलचा वस्तरा. स्वस्त आहे, कुठेही मिळतो, धार लावायची कटकट नाही. 'आधी यावर हात बसू दे, मग खरा घेऊ' असा हिशोब. कातडी दणकट असेल तर हा हिशोब चालून जातो. पण दाढीनंतर गळा लाल होणं, दिवसभर चुरचुरणं, मग बारीक फोड येणं ही रड आधीपासूनच असेल, तर हा क्रम उलटा आहे असं माझं स्पष्ट मत आहे. तिघांत शिकाऊ हाताला सगळ्यात कमी सांभाळून घेणारं हत्यार हेच.

तिघं म्हणजे कोण, ते आधी सांगतो. एक, हा ब्लेड बदलायचा वस्तरा. दोन, अस्सल वस्तरा: एकसंध पोलादी पातं, जाड पाठ, धार दगडावर लावायची आणि दर दाढीआधी चामड्याच्या पट्ट्यावर, म्हणजे स्ट्रॉपवर, घोटायची. तीन, वडील-आजोबांच्या कपाटातला दोन्ही बाजूंनी धार असलेल्या ब्लेडचा सेफ्टी रेझर. तो उघडं पातं नव्हे, हे मान्य. तरी तुलनेत तो हवाच, कारण बऱ्याच जणांना खरं उत्तर तिथेच सापडतं.

आग नेमकी कशानं होते

पातं केसाबरोबर कातडीचा वरचा थरही थोडा खरवडून नेतं. किती नेतं, ते धार, कोन आणि दाब यांवर ठरतं. धार बोथट असली की आपण नकळत दाबतो. पातं जास्त उभं धरलं की कातडी खरवडते, फार आडवं धरलं की केस कापला न जाता ओढला जातो. शिवाय एकाच जागी फेस नसताना दोन-तीनदा हात फिरला की तिथे पुरळ ठेवलेलंच.

सेफ्टी रेझरमध्ये कोन आणि दाब बराचसा रेझरचं डोकंच सांभाळतं. 1903 मध्ये जिलेटनं असा रेझर विकायला काढला, त्यात विकायची गोष्ट हीच होती: हात शिकलेला नसला तरी चालेल आणि पातं घासत बसायला नको. ब्लेडच्या वस्तऱ्यात धार कारखान्याची, कोन आणि दाब तुमचा. अस्सल वस्तऱ्यात तिन्ही तुमच्या गळ्यात.

म्हणजे कागदावर अस्सल वस्तरा सगळ्यात अवघड. चेहऱ्यावर मात्र तसं होत नाही. त्याला वजन असतं, त्यामुळे दाबायची गरज भासत नाही, नुसता टेकवून ओढायचा. जाड पाठ आरशात दिसते, त्यामुळे कोन डोळ्यानं मोजता येतो: पाठ कातडीला टेकवा, मग पाठीच्या जाडीच्या दुप्पट उचला, झाले साधारण 30 अंश. टोक गोल घडवलेला वस्तरा मिळतो, म्हणजे ओठाखाली कोपरा रुतत नाही. दगडावर नीट लावून पट्ट्यावर घोटलेली धार कातडीवर मऊ लागते. ब्लेडचा वस्तरा याउलट हलका, ब्लेडचे कोपरे टोकदार, आणि कोन किंचित चुकला तर ते कळेपर्यंत रक्त आलेलं असतं.

मग सलूनवाले तोच का वापरतात? स्वच्छतेसाठी. रक्तातून पसरणारे एचआयव्ही, हेपॅटायटिस बी आणि सी यांचा धोका टाळायचा तर दर गिऱ्हाइकाला नवं ब्लेड हवंच, आणि ते आपल्या डोळ्यांदेखत पाकिटातून काढून मोडलं जावं हेच बरं. शिवाय कारागिराचा हात वर्षानुवर्षं बसलेला असतो, तो समोर उभा राहून दुसऱ्या हातानं कातडी हवी तशी ताणतो. घरी चेहरा एकच, तोही आपलाच. सलूनची गरज घरात नाही आणि सलूनचा हात आपल्याकडे नाही. मग ते हत्यार घरी आणायचं कारण काय उरतं? पैसे, एवढंच.

अस्सल वस्तऱ्याचा खरा खर्च

किंमत काही हजारांपासून पुढे, जर्मनीतल्या झोलिंगनचा नवा वस्तरा तर चांगलाच महाग. पण खर्च तिथे संपत नाही. पट्टा हवा, आणि तो वापरता यायला हवा. पाठ पुढे, धार मागे, पातं सपाट टेकलेलं, टोकाला पोचल्यावर पाठीवरून उलटवायचं, धारेवरून कधीच नाही. पट्टा ताणून धरायचा; सैल सोडला की तो कमानीसारखा वाकतो आणि धार गोल होते. दाढीआधी अशा 30-40 फेऱ्या, घाई न करता. ज्यांची कातडी दाढी शिकताना 'वस्तऱ्यामुळे' सोलवटते, त्यांच्यापैकी बऱ्याच जणांचं खरं दुखणं इथं असतं. पातं चेहऱ्याला लागायच्या आधीच बिघडलेलं असतं.

काही महिन्यांनी धार दगडावर परत लावावी लागते. शेवटचा हात 8000 ग्रिट (दगडाच्या बारीकपणाचा आकडा, मोठा तितका दगड बारीक) किंवा त्याहून बारीक दगडावर. हे काम करून देणारे शहरातही विचारत फिरल्यावर सापडतात. एक मात्र करू नका: 'चाकूऽ, कात्रीऽ' ओरडत येणाऱ्या धारवाल्याच्या फिरत्या चाकावर वस्तरा देऊ नका. कात्रीसाठी तो उत्तम, पण वस्तऱ्याचं पातळ पातं त्या चाकावर तापून कायमचं वाया जातं.

पावसाळ्याचंही बघा. कार्बन पोलाद गंजतं, आणि मुंबई-कोकण-गोव्याच्या हवेत बाथरूममध्ये ठेवलेला वस्तरा जुलैत लाल ठिपके दाखवू लागतो. पुसून, कोरडा करून, शिलाई मशीनच्या तेलाचा पुसट हात फिरवून खोलीतल्या कपाटात ठेवायचा. मुंबईच्या चोर बाजारात किंवा घरच्या जुन्या ट्रंकेत वस्तरा सापडला तर आधी भिंगातून धारेची कड पाहा. पाठीवरचा गंज निघतो. धारेवर गंजानं खड्डे पडले असतील, तर ती कड नुसती घोटून भागणार नाही, आणि प्रत्येक ओढीला कातडीवर करवत चालवल्यासारखं होईल.

'शेव्ह-रेडी', म्हणजे लगेच दाढी करता येईल असा, म्हणून आलेला प्रत्येक वस्तरा तसा असतोच असंही नाही. विकणाऱ्याला सरळ विचारा, कुठल्या दगडावर संपवलात? उत्तर गोलमोल आलं तर दुसरीकडे बघा.

तिघांनाही लागू असलेलं

दोन दिवसांची वाढ असताना गालावर, जबड्याखाली, गळ्यावर बोट फिरवून बघा. जिकडे गुळगुळीत लागतं ती केसांची दिशा, खरखरतं ती उलटी. गालावर केस बहुधा खाली वाढतात. गळ्यावर त्यांचा काही भरवसा नाही: कंठाच्या एका बाजूला वर, दुसरीकडे आडवे, जबड्याच्या कोपऱ्यात भोवरा. पुरळ नेमकं तिथेच उठतं, कारण आपण सगळीकडे वरून खाली हात मारत जातो. नवशिक्यानं पहिले काही आठवडे फक्त केसांच्या दिशेनं एकच हात करावा. सलूनमध्ये 'उलटा मारू का?' विचारतात, तो उलटा हात घरी विसरा. कातडी ताणून उलट दिशेनं कापलेला केस कातडीच्या पातळीखाली जातो आणि वाढताना आतच वळतो. दाढी गुळगुळीत होते आणि तिसऱ्या दिवशी फोड येतात, ते याच्यामुळे.

अंघोळीनंतर दाढी करा. केस दोन-तीन मिनिटं कोमट पाण्यात भिजला की बराच मऊ कापला जातो. बोअरच्या जड पाण्यात साबणाचा फेस धरत नाही, तिथे फेसापुरतं फिल्टरचं पाणी घ्या. मेन्थॉलचं क्रीम गार वाटतं, पण चिडलेल्या कातडीला ते आणि अल्कोहोलचं आफ्टरशेव्ह दोन्ही नकोत.

तुरटी मात्र ठेवा, आणि नुसती शेवटी लावायला नको. ओल्या कातडीवरून डाव्या हाताची बोटं घसरतात. ती तुरटीवर घासून घेतली की पकड मिळते. शेवटी ओल्या चेहऱ्यावरून तुरटी फिरवताना जिथे जास्त झोंबेल, तिथे आज दाब किंवा कोन चुकला. मग धुऊन साधं मॉइश्चरायझर.

मग घ्यायचं काय

हेतू फक्त 'गळ्याची आग थांबावी' एवढाच असेल, तर सेफ्टी रेझर, सौम्य डोक्याचा (ब्लेड कमी बाहेर डोकावणारा), आणि कामाला वस्तरा हवाच हा हट्ट सोडा. ब्लेडं इतकी स्वस्त की पाच-सहा दाढ्यांनी बदलताना जीव वरखाली होत नाही. एक ब्लेड ओढत असेल तर दुसऱ्या कंपनीचं लावून बघा. कुठलं कुणाला मानवेल सांगता येत नाही.

वस्तराच शिकायचा असेल, तर फेस, केसांची दिशा आणि हलका हात सेफ्टी रेझरवर पक्का करा आणि तिथून थेट अस्सल वस्तऱ्याकडे जा. सुरुवातीला त्यानं फक्त गाल, बाकी चेहरा रेझरनं. गळा सगळ्यात शेवटी. ब्लेडचा वस्तरा मी फक्त एकालाच सुचवीन: ज्याला पट्टा-दगडाचं काम करायचंच नाही पण उघड्या पात्याची हौस सुटत नाही. तोही पुरळाची सवय नसलेला.

ज्यांचे केस कुरळे आहेत आणि आत वाढणाऱ्या केसांचे फोड कायमचेच आहेत, त्यांना तिन्हींपैकी एकही नको. ट्रिमरनं एक मिलिमीटर ठेवलेली दाढी त्यांना बरी. मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील तर कातडी नाजूक झालेली असते. त्या काळात उघडं पातं कपाटातच राहू द्या, आणि पिकलेल्या फोडांवरून तर कुठलंच नको.