मिनी पीसी राउटर, दहा महिने: कर्नल बदलला आणि पॅकेटं गळायला लागली

फेब्रुवारी २०२५ मध्ये आमच्या नाशिकच्या घरातला जुना प्लास्टिकचा राउटर काढून मी त्या जागी चार लॅन पोर्टांचा, पंखा नसलेला मिनी पीसी बसवला. आत एन१०० प्रोसेसर, ८ जीबी रॅम, वर डेबियन १२ (लिनक्सचा एक प्रकार). फायरवॉल लिनक्सच्या एनएफटेबल्सचा, बाहेर जायला केबलवाल्याचं फायबर आणि पीपीपीओई, म्हणजे नाव-पासवर्ड देऊन लागणारी जोडणी, जिच्यात प्रत्येक पॅकेट (डेटाचा छोटा तुकडा) आणखी एका पाकिटात जातं. पहिले सात महिने त्याच्याकडे बघावंसुद्धा लागलं नाही. एप्रिल-मेच्या उन्हात डबा हाताला चांगलाच गरम लागायचा, पण अडकला कधीच नाही. भिंतीवरच्या मीटरला ११ वॉटच्या आसपास, म्हणजे वर्षाला शंभराच्या आत युनिटं. एक गोष्ट मात्र घेतल्या घेतल्या करा: बायोसमध्ये ‘वीज आली की आपोआप सुरू हो’ ही सेटिंग लावा. आमच्याकडे पहिल्यांदा वीज गेली तेव्हा डबा बंद तो बंदच राहिला, आणि मी गावाला होतो.

सप्टेंबरमध्ये मी डेबियन १३ वर गेलो. ते ऑगस्टमध्ये आलं होतं, कर्नल, म्हणजे सिस्टीमचा गाभा, ६.१ वरून थेट ६.१२. अपग्रेड सुरळीत झालं, इंटरनेट चालू झालं, मी समाधानाने झोपलो. दोन दिवसांनी आई म्हणाली, “ताईचा आवाज तुटतोय रे, पाण्यातून बोलल्यासारखा येतोय.” व्हिडिओ बघताना मात्र कुणाला काहीच जाणवत नव्हतं. हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. यूट्यूबचं हरवलेलं पॅकेट पुन्हा मागवता येतं आणि पुढचं थोडं आधीच भरून ठेवलेलं असतं. बोलण्यातलं हरवलेलं पॅकेट उशिरा येऊन काही उपयोगाचं नसतं. त्यामुळे गळती आधी कॉलमध्येच कळते.

मी पिंग लावला, म्हणजे एकेक छोटं पॅकेट पाठवून उत्तर येतं का ते बघितलं. शंभरातले शंभर परत. एमटीआर (वाटेतल्या प्रत्येक राउटरपर्यंतची गळती दाखवणारा प्रोग्रॅम) लावला तर मधल्या एका टप्प्यावर ३० टक्के लॉस, आणि मी तेवढ्यावरच केबलवाल्याला फोन केला. त्याच्याकडचा मुलगा लगेच आला, फायबरची पॉवर मोजली, उणे २१ डीबीएम. “साहेब, सिग्नल एकदम ओके आहे,” म्हणाला. बरोबर होतं त्याचं. मधले राउटर स्वतःला आलेल्या पिंगला उत्तर देणं मुद्दाम कमी करतात; लॉस शेवटच्या टप्प्यापर्यंत तसाच पोहोचला तरच तो खरा. माझ्या एमटीआरमध्ये शेवटची ओळ शून्य टक्के दाखवत होती आणि मी ती वाचलीच नव्हती. त्या मुलाची मी नंतर फोन करून माफी मागितली.

मग केबलवाल्याला पूर्ण बाजूला ठेवलं. दोन लॅपटॉप डब्याच्या दोन वेगळ्या पोर्टांना, दोन वेगळ्या नेटवर्कांत जोडले, म्हणजे पॅकेट डब्यातून फक्त आरपार जाणार. आयपर्फ या वेग आणि गळती मोजणाऱ्या प्रोग्रॅमने यूडीपी (यात हरवलेलं पॅकेट पुन्हा पाठवलं जात नाही), ३०० एमबीपीएस, एक मिनिट. हीच चाचणी जुलैमध्ये केली होती आणि वहीत शून्य लिहिलेलं होतं. आता १.८ टक्के. घरातली गळती घरातच होती.

डेबियनची एक गोष्ट मला मनापासून आवडते: नवा कर्नल आला तरी जुना मेनूत राहतो. डबा उचलून टीव्हीला लावला आणि ६.१ निवडून चालू केला. डबा तोच, केबल त्याच, वरची सगळी सिस्टीम नवी, फक्त कर्नल जुना. परत चाचणी. ०.३ टक्के.

शून्य आलं असतं तर कर्नलला दोष देऊन मी जुन्यावरच राहिलो असतो. पण ०.३ उरले. म्हणजे दोष दोन होते, आणि त्यातला एक कर्नलमध्ये नव्हताच.

पहिल्यासाठी ‘आयपी एस लिंक’ ही कमांड दाखवते ते नेटवर्क कार्डाचे आकडे पाहिले. तिथे ‘एरर’, ‘ड्रॉप्ड’ आणि ‘मिस्ड’ वेगवेगळे असतात आणि त्यांचा अर्थही वेगळा. सीआरसी एरर (पॅकेट वाटेत बिघडल्याची खूण) वाढत असेल तर केबल किंवा पिन बघा. ड्रॉप्डमध्ये कर्नलला नको असलेली, अनोळखी प्रोटोकॉलचीही पॅकेटं धरली जातात, त्यामुळे तो आकडा थोडाफार हलला तर घाबरू नका. मिस्ड म्हणजे पॅकेट कार्डापर्यंत आलं, पण पुढे मेमरीत न्यायला वेळेत वाट मिळाली नाही. माझा मिस्ड नव्या कर्नलवर धडाधड वाढत होता, जुन्यावर जागचा हलत नव्हता. ‘एलएसपीसीआय’ या, बोर्डावरची कार्डं दाखवणाऱ्या कमांडच्या सविस्तर माहितीत जुन्या कर्नलवर त्या कार्डापुढे ‘एएसपीएम डिसेबल्ड’, नव्यावर ‘एल१ एनेबल्ड’. एएसपीएम म्हणजे कार्ड आणि बोर्ड यांच्यातल्या वाटेची वीजबचत, एल१ ही तिची झोप; ती वाट मधेमधे झोपत होती. एकदम लोंढा आला की ती जागी होईपर्यंत कार्डाची छोटी टाकी भरून वाहायची. म्हणूनच एकेकटं पिंग नेहमी स्वच्छ.

इथे अनेक जण फसतात, मीही फसलो. कर्नलच्या ओळीत ‘पीसीआयई एएसपीएम ऑफ’ लिहिलं आणि काहीही बदललं नाही. ‘ऑफ’चा अर्थ वीजबचत बंद असा नाही. बायोसने जे ठरवलंय त्याला कर्नलने हात लावायचा नाही, एवढाच तो अर्थ. आणि बायोसने ती चालूच ठेवली होती. त्याऐवजी एएसपीएमची पॉलिसी ‘परफॉर्मन्स’ केली आणि मिस्ड थांबला. मीटरवर दीड वॉट वाढले, वर्षाला १३ युनिटं. मला चालतात.

उरले ०.३. ते कर्नलचे आकडे दाखवणाऱ्या ‘प्रॉक’ फोल्डरमधल्या ‘सॉफ्टनेट स्टॅट’ फाइलमध्ये सापडले. प्रत्येक कोअरला एक ओळ, आकडे हेक्समध्ये (सोळाच्या पद्धतीत), दुसरा रकाना टाकून दिलेल्या पॅकेटांचा. तो वाढत होता. पीपीपीओईच्या पाकिटाआतला पत्ता अनेक कार्डांना वाचता येत नाही आणि सगळा भार एकाच कोअरवर येतो, म्हणून मी आरपीएसने (कर्नलच्या भार वाटण्याच्या सोयीने) तो चारही कोअरांवर वाटलेला आहे. त्या वाटपात प्रत्येक कोअरपुढे रांग लागते. रांगेची मर्यादा मुळात १००० असते, मी ती ५००० केली होती. पाहिलं तर पुन्हा १०००.

मर्यादेची माझी ती ओळ ‘इटीसी’तल्या सिसकंट्रोल डॉट कॉन्फ या कर्नलच्या सेटिंगांच्या फाइलमध्ये होती, आणि डेबियन १३ बूट होताना ती फाइल वाचतच नाही. आता फक्त सिसकंट्रोल डॉट डी फोल्डरमधल्या फाइली वाचल्या जातात. हे रिलीज नोट्समध्ये स्पष्ट लिहिलं आहे. फॉरवर्डिंगची (एका पोर्टावरचं पॅकेट दुसऱ्यावर पाठवण्याची) ओळ मी सुदैवाने आधीपासून त्या फोल्डरमध्ये ठेवली होती, म्हणून इंटरनेट चालू राहिलं आणि बाकीच्या ओळी गेल्याचं कळलंच नाही. ओळ तिकडे हलवली, डबा रीबूट केला, चाचणी लावली: शून्य.

त्यानंतर तीन महिने झाले. दर रविवारी मिस्ड आणि सॉफ्टनेटचा दुसरा रकाना बघून वहीत लिहितो, अजून दोन्ही हललेले नाहीत. ज्यांना राउटर एकदा लावून विसरायचा आहे त्यांना मी हा डबा घ्या म्हणणार नाही, त्यांनी तयार राउटरच घ्यावा. ज्यांना आत काय चाललंय ते बघायचं आहे त्यांनी जरूर घ्यावा, पण अपग्रेडच्या आदल्या दिवशी आयपर्फचा आकडा लिहून ठेवावा. माझ्याकडे जुलैचं ते शून्य नसतं तर १.८ बरे की वाईट हेच कळलं नसतं. जुना ६.१ मी अजून काढलेला नाही.