स्ट्रीट साउंड्स की सोल जॅझ? जुन्या इलेक्ट्रो-हिप-हॉपचा पहिला संग्रह निवडताना

1979 ते 1984 या काळातलं हिप-हॉप तबकडीवर ऐकायचंय आणि खिशाला झेपेल असंच काहीतरी घ्यायचंय, तर मूळ 12 इंची सिंगल्सचा नाद निदान सुरुवातीला सोडा. त्यातल्या बऱ्याच न्यूयॉर्कच्या चिमुकल्या लेबलांनी थोड्याच प्रती काढलेल्या आहेत आणि संग्राहकांनी त्यांचे भाव कुठल्या कुठे नेऊन ठेवलेत. त्यापेक्षा निवडक गाण्यांचे संग्रह बरे. त्यात दोन नावं सतत समोर येतात: ब्रिटनमधल्या स्ट्रीट साउंड्स लेबलची 1983 साली सुरू झालेली 'इलेक्ट्रो' मालिका, आणि लंडनच्याच सोल जॅझ रेकॉर्ड्सने पुढे काढलेले 'बिग ॲपल रॅपिन' (2006) आणि 'बूमबॉक्स' (2016) हे संग्रह. दुकानात हे सगळं एकाच खणात ठेवलेलं असतं. पण आत वाजतं ते संगीत एक नाही.

या दोन्हींच्या मधे 1982 साल येतं. त्याआधीचं रॅप हे बहुतांशी हाडामांसाच्या वादकांचं काम होतं. 1979 च्या 'रॅपर्स डिलाइट'मध्ये शीक या डिस्को बँडच्या 'गुड टाइम्स'ची चाल स्टुडिओत बसून पुन्हा वाजवली होती. पुढे ते गाणं काढणाऱ्या शुगर हिल लेबलसाठी डग विंबिश, कीथ लेब्लांक आणि स्किप मॅकडॉनल्ड हे त्रिकूट बास, ड्रम आणि गिटार सांभाळायचं. मग 1982 मध्ये आफ्रिका बंबाटा आणि सोलसॉनिक फोर्सचं 'प्लॅनेट रॉक' आलं. निर्माता आर्थर बेकर आणि कीबोर्डवर जॉन रॉबी यांनी जर्मनीच्या क्राफ्टवेर्कच्या दोन गाण्यांमधून सूर आणि ताल उचलले आणि रोलंड टीआर-808 या ड्रम मशीनवर बसवले. त्यानंतर दोन-तीन वर्षं न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर बँडपेक्षा मशीनच जास्त ऐकू यायला लागलं. याच मशीनवरच्या संगीताला इलेक्ट्रो म्हणतात.

सोल जॅझच्या दोन्ही संग्रहांतली गाणी मुख्यतः या वळणाच्या आधीची आहेत. 'बूमबॉक्स'च्या उपशीर्षकातच 1979-82 ही वर्षं आहेत, 'बिग ॲपल रॅपिन'चाही काळ तोच. म्हणजे डिस्कोच्या ठेक्यावर मोकळ्या गळ्याने, घाई न करता केलेलं रॅप. स्ट्रीट साउंड्सची मालिका सुरूच होते ती मशीन आल्यावर: पहिल्याच खंडात न्यूक्लिअसचं 'जॅम ऑन रिव्हेंज', सिंथेसायझर आणि चिपमंकसारखे पिळवटलेले आवाज. बासची नाचरी चाल ऐकायला आलेल्या माणसाच्या हातात चुकून 'इलेक्ट्रो 1' पडला तर तो वैतागेल, आणि 808 साठी आलेल्याला 'बूमबॉक्स'चा बराचसा भाग डिस्कोच वाटेल. 'इलेक्ट्रो' हा शब्द 'बूमबॉक्स'च्या उपशीर्षकातही आहे, त्याच्यावर फार विसंबू नका.

दुसरा फरक सुईखाली कळतो. स्ट्रीट साउंड्सचे संस्थापक मॉर्गन खान यांची शक्कल अशी होती की अमेरिकेतून येणाऱ्या महागड्या सिंगल्सचे हक्क घ्यायचे आणि एका अल्बमच्या किमतीत ब्रिटिश पोरांना सगळी गाणी द्यायची. ती चालली, मालिका तिथल्या अल्बम चार्टवरही पोचली. पण गाणी सुटी नाहीत. मास्टरमाइंड या डीजे मंडळीतल्या हर्बी लेडली यांनी ती एकमेकांत मिसळून सलग मिक्स केलीत. घरी ऐकायला हे झकास आहे, बाजू संपेपर्यंत उठावंसं वाटत नाही. स्वतः डीजेगिरी करणाऱ्याला मात्र हव्या त्या गाण्याची स्वच्छ सुरुवात सापडत नाही आणि गाणीही कापलेली असतात.

शिवाय एका एलपीच्या दोन बाजूंत इतकं कोंबायचं म्हटलं की खाचा जवळजवळ येतात. जड बासला खाच रुंद लागते. जागा नसेल तर कटिंग करणारा इंजिनिअर आवाजाची पातळी खाली आणतो. म्हणजे ज्या संगीताचा जीव 808 च्या बासमध्ये आहे, त्यालाच इथे थोडं दबून राहावं लागतं. 'बूमबॉक्स' तीन तबकड्यांवर पसरलेला आहे आणि गाणी पूर्ण लांबीची, सुटी आहेत. जुनं रॅप लांबलचकच असायचं ('रॅपर्स डिलाइट'ची मूळ 12 इंची आवृत्ती चौदा मिनिटांवर जाते), त्यामुळे हा ऐसपैसपणा त्याला मानवतो. सोबत छायाचित्रं आणि टिपणंही मिळतात. स्ट्रीट साउंड्समध्ये वाचायला फारसं काही नाही.

तरी मला स्वतःला निवडायला सांगितलं तर मी 'इलेक्ट्रो'च उचलेन. सोल जॅझचं काम नेटकं आहे, 'बिग ॲपल रॅपिन'मागे योहान कुगेलबर्ग यांची शोधक नजरही आहे, पण ती मागे वळून केलेली निवड आहे. 'इलेक्ट्रो' त्या गदारोळातच निघालं. पुढे काय टिकेल याची कल्पना नसताना चांगलं-वाईट एकत्र भरलं गेलं, आणि काही फडतूस गाणी ऐकल्याशिवाय तो काळ कळत नाही.

तिसरा पर्याय टॉमी बॉय लेबलचा 1985 चा 'ग्रेटेस्ट बीट्स'. 'प्लॅनेट रॉक' हवंच असेल तर सोपा मार्ग हा, फक्त एकाच लेबलचा माल असल्याने तो काळ अर्धाच दिसतो. कनेक्टिकटच्या रॅपवरचा स्टोन्स थ्रोचा 'द थर्ड अनहर्ड' (2004) दुसऱ्या फेरीसाठी ठेवा. आणि स्ट्रीट साउंड्सच्याच 'यूके इलेक्ट्रो' (1984) ची गंमत अशी की त्यातले बहुतेक 'कलाकार' म्हणजे मँचेस्टरचे डीजे ग्रेग विल्सन आणि त्यांचे दोन साथीदार, वेगवेगळ्या नावांखाली. पहिली खरेदी म्हणून तो घेऊ नये, मजा म्हणून जरूर घ्यावा.

जुना 'इलेक्ट्रो' घेताना विक्रेत्याच्या 'व्हीजी प्लस'वर (म्हणजे तबकडी बऱ्यापैकी चांगल्या अवस्थेत असल्याच्या शेऱ्यावर) डोळे झाकून विश्वास नको. या तबकड्या ब्रेकडान्स करणाऱ्या पोरांनी स्वस्तातल्या प्लेअरवर, जड सुईखाली घासलेल्या असतात. प्रत्येक बाजूचं शेवटचं गाणं कसं वाजतं तेवढं विचारा, झीज तिथे आधी जाणवते. परदेशातून मागवत असाल तर तीन तबकड्यांच्या संचाचं टपाल आणि सीमाशुल्क आधी धरा, आणि एप्रिल-मे टाळा, कारण तापलेल्या गोदामात पडून राहिलेली तबकडी वाकते. पहिलाच खंड हवा हा हट्टही नको. दुसरा किंवा तिसरा चांगल्या अवस्थेत मिळाला तर तो घ्या.