लीडरसाठी क्रिंप स्लीव्ह कुठली घ्यायची आणि दाबायची कशानं

लीडर म्हणजे मुख्य दोरी आणि गळ यांच्यामधला जाड दोरा. क्रिंप म्हणजे त्याचा लूप करून दोन्ही पदर धातूच्या छोट्या नळीत, म्हणजे स्लीव्हमध्ये, घालून ती दाबायची. आधी एक गोष्ट क्लिअर करतो. लीडर ८०-१०० पाउंडाचा (म्हणजे एवढ्या ओढीला तुटणारा) असेल तर क्रिंपच्या भानगडीत पडूच नका, गाठ मारा, थुंकी लावून नीट बसवा, झालं काम. क्रिंप लागते ती साधारण १३०च्या पुढं आणि २००ला तर हमखास, कारण एवढ्या जाड नायलॉनची गाठ हातानं ओढून पूर्ण बसतच नाही, बसली असं आपल्याला वाटतं आणि मोठा मासा लागला की सरकते. त्यामुळं मालवण-गोव्याला खोल पाण्यात ट्रोलिंग (चालत्या बोटीमागं गळ ओढणं) करणारे, अंदमानला जीटीसाठी (जायंट ट्रेव्हली मासा) पैसे साठवून जाणारे आणि ओमानला यलोफिन ट्यूनाच्या मागं असलेली आपली मंडळी, यांच्यासाठी हे लिहितोय. किनाऱ्यावरून गळ टाकणाऱ्यांनी वाचलं नाही तरी चालेल.

बहुतेकजण काय करतात, स्लीव्हचं पाकीट घेतात आणि मग घरात दाबायला काय आहे ते शोधतात. मीपण तेच केलं होतं. स्लीव्ह आणि टूल ही जोडी आहे, एकाचा निर्णय दुसऱ्याशिवाय होत नाही.

धातू बघू आधी. मोनो (एकपदरी नायलॉन) आणि फ्लुरोसाठी (फ्लुरोकार्बन दोरा) अॅल्युमिनियम, वायरसाठी तांबं, ढोबळमानानं एवढं लक्षात ठेवा. अॅल्युमिनियम मऊ असतं, त्यामुळं ते नायलॉनला चावत नाही, मिठी मारतं. तांब्याची स्लीव्ह मोनोवरपण चालते, टिकतेही जास्त, पण जोर जास्त लागतो आणि चूक झाली तर ती माफ करत नाही, म्हणून पहिल्यांदा करताय तर अॅल्युमिनियमच. उलटं मात्र करू नका, म्हणजे स्टेनलेसच्या ४९ पदरी वायरवर अॅल्युमिनियम. खारं पाणी आणि दोन वेगळे धातू एकत्र आले की अॅल्युमिनियम खाल्लं जातं. माझ्या डब्यात मागच्या सीझनची अशी एक लीडर होती, वरून चकाचक, पण स्लीव्हच्या तोंडाशी पांढरी पूड, नखानं टोकरली तर धातूच सुटून आला. आणि हो, सुरमईसाठी एकपदरी कडक वायर वापरत असाल तर तिला क्रिंप नसतेच, तिथं पिळा घालायचा.

आकार तीन. गोल एकनळी, लंबगोल म्हणजे ओव्हल, आणि डबल. डबल म्हणजे दुनळी बंदूक समोरून बघितल्यासारखी, दोन नळ्या एकमेकीला चिकटलेल्या. गोल ही वायरवाल्यांची, मोनोवाल्यांनी तिकडं बघायचं कारण नाही. खरी निवड ओव्हल की डबल. ओव्हल जास्त ठिकाणी मिळते, चालतेही चांगली, पण आत दोन्ही पदर एकाच पोकळीत असतात, दाबताना एकावर एक चढले तर तिथंच लीडर दुखावतो आणि बाहेरून काही दिसत नाही. डबलमध्ये प्रत्येक पदराला स्वतःची खोली, चढायचा प्रश्नच नाही. मोनोला माझं मत डबललाच.

साइजमध्ये सगळ्यात जास्त लोक फसतात कारण पाकिटावर पाउंड लिहिलेले असतात आणि आपण तेच बघतो. पाउंड विसरा, मिलिमीटर बघा. एका कंपनीचा २०० पाउंड दुसरीच्या २०० पेक्षा जाड असू शकतो, आणि स्लीव्हवरचे नंबर किंवा अक्षरंही कंपनीगणिक वेगळी. व्हर्नियर (जाडी मोजायचं साधन) घ्या, नसेल तर दुकानात लीडरचा तुकडा खिशात घेऊनच जा आणि घालून बघा. पदर हलक्या जोरानं आत सरकला पाहिजे. सैल खुळखुळत असेल तर कितीही दाबा, सरकणार. घुसवताना खरवडला जात असेल तर एक साइज वर.

आता टूल. घरातली पक्कड, किंवा इलेक्ट्रिशियन लोक विजेच्या वायरीच्या टोकाला लग (धातूची टोपी) दाबायला वापरतात ते क्रिंपर, हे दोन मोह सगळ्यांना होतात कारण कोपऱ्यावरच्या हार्डवेअरमध्ये मिळतात. नको. पक्कड स्लीव्ह चपटी करते आणि लग क्रिंपरच्या एका बाजूला बहुतेक वेळा टोक असतं, ते स्लीव्हमध्ये खड्डा पाडतं आणि तो खड्डा आत लीडरवर जाऊन बसतो. ओव्हल आणि डबलला दोन्हीकडून वाटीसारखे जबडे लागतात. वाटी-टोक जबडा फक्त गोल एकनळीसाठी. फिशिंग प्लायरला मागं जी छोटी खाच असते तीपण बोटीवर इमर्जन्सीपुरतीच, तिच्या भरवशावर ३०० पाउंडाची लीडर बनवू नका.

मग उरतात हँड क्रिंपर, लांब दांड्याचा स्वेजर (दोन्ही हातांनी दाबायचा क्रिंपर) आणि टेबलावर बसवायचा बेंच प्रेस. सीझनला दहा-वीस लीडर करणाऱ्याला हँड क्रिंपर पुरतो, फक्त खाचांवर साइज कोरलेली आणि डबल लिव्हरचा घ्या, नाहीतर जाड स्लीव्हला मनगट जातं. त्याचा जबडा अरुंद, त्यामुळं एका स्लीव्हला दोन-तीन दाब द्यावे लागतात आणि प्रत्येक दाब सारखा येईलच असं नाही. बेंच प्रेस पूर्ण स्लीव्ह एका झटक्यात दाबतो, दहावी लीडर पहिलीसारखीच येते, पण तो बोटीवर न्यायचा नाही आणि किंमत बघून घरात प्रश्न विचारले जातात. चार्टर (भाड्यानं मासेमारीला नेणारी बोट) चालवत असाल किंवा चार-पाच मित्र मिळून घेणार असाल तरच. लांब दांड्याचा स्वेजर मधला पर्याय, ४०० पाउंडाच्या जाड स्लीव्हला भारी, पण दोन हात टूललाच लागतात, स्लीव्ह धरायला दुसरा माणूस बोलवा.

दाबताना काय होतं ते सांगतो कारण टूल कितीही महाग असलं तरी मासा इथंच जातो. डबल किंवा ओव्हल स्लीव्ह जबड्यात आडवी झोपवायची नाही, उभी धरायची, म्हणजे दोन नळ्या एकावर एक. आणि दोन्ही टोकं साधारण एक मिलिमीटर न दाबता सोडायची, म्हणजे तोंड सनईसारखं किंचित फाकलेलं राहतं. मी सुरुवातीला उत्साहात टोकापासून टोकापर्यंत दाबून काढली होती, मजबूत होईल म्हणून. वीसेक मिनिटं गेदर (ट्यूना) खेळवला, बोटीच्या बाजूला आला, दिसला, आणि लीडर हलकी झाली. बघितलं तर स्लीव्हच्या तोंडाशी ब्लेडनं कापल्यासारखा सरळ काप. मासा पळाला त्याला मीच जबाबदार, लीडरला नाव ठेवून उपयोग नव्हता.

मोनोचं उरलेलं टोक थोडं बाहेर ठेवून लायटरनं नुसतं दाखवायचं, बारीक मणी होतो, तो स्लीव्हला टेकवायचा. ज्वाला मुख्य लीडरला लागली तर कापून परत सुरू करा. आणि लूपमध्ये गळ किंवा स्विव्हल (फिरती कडी) जिथं घासतो तिथं छोटी ट्यूब घाला, पाकिटात मिळते.

तपासायचं कसं? २०० पाउंड म्हणजे जवळपास ९० किलो, ते हातानं ओढून कळत नाही. मी प्रत्येक नवीन पाकिटातली एक स्लीव्ह बळी देतो, तुकडा बनवून एक टोक गाडीच्या टो हुकला, दुसरं खांबाला, आणि जाड गोणपाट वर टाकून, सगळ्यांना लांब उभं करून, गाडी हळू पुढं. लीडर मधूनच तुटली तर क्रिंप पास. स्लीव्हमधून सरकली तर साइज मोठी किंवा दाब कमी, तोंडाशी कापली गेली तर दाब जास्त.

बजेट कमी असेल तर स्लीव्ह कमी घ्या, एकाच जाडीच्या लीडरची, आणि उरलेले पैसे क्रिंपरमध्ये घाला. शंभर स्लीव्हच्या सहा साइज आणि पक्कड, असा माझा पहिला ऑर्डर होता, त्यातल्या चार साइज अजून डब्यात तशाच पडल्यात, कुणाला हव्या असतील तर घेऊन जा.